धंदा सुरू करायच्या आधीचा कोर्स, राजारामपुरी : ३५०० रुपये भरावेत का? (सविस्तर रिव्ह्यू)

कोल्हापुरात राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर रविवारी एक बॅच चालते. ज्यांना स्वतःचा धंदा काढायचाय पण अजून काढलेला नाही अशांसाठीच. सहा रविवार, सकाळी १० ते २, फी ३५००, चहा आत, जेवण आपापलं. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात आणि कौतुक पण, आणि दोन्हीचा उद्देश त्यांची जाहिरात करणं किंवा बदनामी करणं हा नाहीये. अशा कोर्सकडनं काय मिळायला पाहिजे आणि पैसे भरायच्या आधी काय विचारायचं हे लोकांना कळावं एवढ्यासाठी लिहितोय.

मी गोकुळ शिरगावला एका मशीनशॉपमध्ये सुपरवायझर आहे. आमच्या वहिनींच्या हातची कांदा-लसूण चटणी गल्लीत आणि पाहुण्यात सगळ्यांना माहितीये, दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे डबे घेऊन जातात, आणि सगळे म्हणतात "विकायला काढा की". तर विकायला काढायचं ठरलं, आणि त्याच्या आधी मी आणि वहिनी दोघं या बॅचला बसलो. पंचवीसेक लोक होते. एक जण व्हीएमसी (धातू कापणारं कॉम्प्युटरवरचं) मशीन घेऊन स्वतःचं जॉबवर्क (कंपन्यांचे पार्ट करून देण्याचं काम) टाकणार होता, कागलकडचा एक पोरगा गूळ पावडर करणार होता, दोन मित्रांना रंकाळ्याजवळ कॅफे काढायचा होता, एका ताईंचं बुटीक, एकांचा गोठा. शिकवायला तीन माणसं : एक बँकेतनं रिटायर झालेले कर्ज विभागाचे साहेब, एक शिरोलीकडचे फाउंड्रीवाले ज्यांनी आधी एक धंदा बंद केलेला आणि ते उघडपणे सांगतात, आणि एक सीए मॅडम.

आधीच सांगतो, माझ्या मते पैसे वसूल आहेत. पण ते तुमचा पैसा अजून खिशात असेल तर. मशीन घेऊन, गाळ्याचं डिपॉझिट भरून, बोर्ड रंगवून मग जाल तर अर्ध्या गोष्टी ऐकून नुसता जीव जळेल.

पहिल्या रविवारी धंद्याबद्दल एक शब्द नाही. साहेबांनी प्रत्येकाला घरचा महिन्याचा खर्च लिहायला लावला. किराणा, दूध, पोरांची फी, लाईटबिल, एलआयसी, गाडीचा हप्ता, भिशी, लग्नाकार्याचा आहेर, आईबापाची औषधं. आणि मग म्हणाले, आता सांगा, धंद्यातनं एक रुपया न घेता हे घर किती महिने चालेल? बहुतेकांचं उत्तर दोन-तीन महिन्यांच्या पुढं जाईना. साहेबांचं म्हणणं असं की त्यांनी कर्ज विभागात जी खाती बुडताना बघितली त्यातली पुष्कळशी आयडिया वाईट म्हणून बुडाली नव्हती, धंदा पायावर उभा राहायच्या आतच मालकानं घरखर्चासाठी गल्ल्यात हात घातला म्हणून बुडाली. व्यापाऱ्याला द्यायचे पैसे पोरीच्या फीला गेले, मग व्यापाऱ्यानं माल थांबवला, मग विक्री थांबली, मग हप्ता थांबला, आणि हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीएत, म्हणजे बुडीत कर्जात. त्यामुळं त्यांचा पहिला नियम : घरचा आणि धंद्याचा पैसा दोन वेगळ्या खात्यात, आणि मालकानं स्वतःला ठरलेला पगार द्यायचा, भले तो ५००० का असेना. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण आपल्याकडं दुकानाचा गल्ला म्हणजे घरचं पाकीट असंच सगळीकडं चालतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

दुसरा रविवार म्हणजे या कोर्सचा खरा माल. प्रत्येकाच्या धंद्याचा हिशेब बोर्डावर. आमच्या चटणीचा पण घेतला, आणि तो इथं लिहितो कारण ज्यांना खाण्याचा काही धंदा करायचाय त्यांना उपयोगी पडेल. आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत, बाजारभाव समजू नका.

एक किलो चटणीला मिरची, खोबरं, लसूण, कांदा, तेल, धने, खडा मसाला, मीठ मिळून ३३० धरले. कांडप आणि गॅस ३०, पाऊच-लेबल २५, नेणं-आणणं १५. झाले ४००. विकायचा भाव ६००. वहिनी लगेच म्हणाल्या म्हणजे किलोला २०० सुटले. मग साहेबांनी महिन्याचा ठरलेला खर्च मांडला, गाळ्याचं भाडं ८०००, मदतीला एक बाई ९०००, लाईट-फोन २०००, मशीनच्या कर्जाचा हप्ता ६०००, एकूण २५०००. भागिले २००, म्हणजे महिन्याला १२५ किलो विकली की ना नफा ना तोटा. सगळ्यांना वाटलं जमतंय की.

मग फाउंड्रीवाले उठले आणि विचारलं, ही चटणी तुम्ही घरातनं विकणार का दुकानातनं? दुकानातनं. दुकानदार फुकट ठेवणार का? नाही, तो २० टक्के घेणार, म्हणजे ६०० मधले १२० गेले, हातात ४८०. आणि वहिनी, तुम्ही जे दिवसभर उभं राहून कांदा परतणार त्याचे पैसे कुठं आहेत? किलोला ३० तरी धरा. म्हणजे खर्च ४३०. आता ४८० वजा ४३०, राहिले ५०. आणि २५००० भागिले ५० म्हणजे महिन्याला ५०० किलो. रोजची १६-१७ किलो चटणी, सुट्टी न घेता, निव्वळ बरोबरीत यायला.

१२५ आणि ५००. चटणी तीच, भाव तोच, हात तोच. विकायचा रस्ता बदलला आणि स्वतःच्या कष्टाला किंमत लावली एवढंच. वहिनी गप्प झाल्या, मी पण. हा एक हिशेब मला कुणी फोनवर व्हिडिओ दाखवून समजावला नसता, आणि याच्यासाठीच मी म्हणतो की ३५०० जास्त नाहीत.

पुढं अजून एक गोष्ट निघाली जी आमच्या अजिबात डोक्यात नव्हती. चटणी वर्षभर विकायची पण मिरची वर्षभर त्याच भावात त्याच प्रतीची मिळत नाही. ब्याडगी काय, गडहिंग्लज-संकेश्वरकडची जवारी काय, चांगला माल फेब्रुवारी ते एप्रिल-मे या सीझनलाच भरून ठेवावा लागतो. महिन्याला ५०० किलो चटणी म्हणजे वर्षाला ६००० किलो, त्यात निम्मी मिरची धरली तर ३००० किलो, आणि २०० रुपयांनी जरी पकडली तरी ६ लाख रुपये एका फटक्यात मिरचीत जाऊन बसले आणि ते परत यायला वर्ष लागणार. वर देठ काढून वाळवून घट येते ती वेगळीच. साहेब म्हणाले, बँकेत येणारा माणूस मशीनसाठी कर्ज मागतो, खेळत्या भांडवलासाठी मागायचं त्याच्या लक्षातच येत नाही. मशीन येतं, पूजा होते, फोटो निघतात, आणि मशीनमध्ये घालायला मालाला पैसे नाहीत. मशीनसाठी टर्म लोन (ठरलेल्या हप्त्यांचं कर्ज) आणि मालासाठी सीसी (कॅश क्रेडिट, लागेल तसं काढायचं-भरायचं खातं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अर्ज करतानाच दोन्ही मागायच्या, मागनं बँक तुमच्याकडं वेगळ्या नजरेनं बघते. हे त्यांनी इतक्या कळवळ्यानं सांगितलं की असली खाती त्यांनी खूप बघितली असणार असं वाटलं.

तिसऱ्या रविवारच्या आधी गृहपाठ होता. बरोबरीत यायला रोज जेवढा माल लागतो तो घेणाऱ्यांची नावं लिहून आणा, नातेवाईक आणि मित्र सोडून. आणि नुसती नावं नाहीत, त्यांच्याकडनं थोडे का असेना पैसे घेऊन या. वहिनींना हे फार जड गेलं. मला म्हणाल्या, "भाऊजी, वनिताताईंनी तर पाच किलो सांगितलीय, ते धरायचं नाही होय?" नाही धरायचं, ती नणंद आहे, ती प्रेमानं घेणार आणि पुढच्या वर्षी पैसे द्यायचे का नाही या विचारात दोन्हीकडं संकोच. मग आम्ही फुलेवाडी, रंकाळा, मिरजकर तिकटी असं फिरून दुकानदारांना भेटलो. सगळ्यांनी चव घेतली, सगळे चांगली आहे म्हणाले, आणि जवळजवळ सगळ्यांनी एकच सांगितलं : "ठेवून जावा, विकली की पैसे देतो." म्हणजे माल आमचा, भांडवल आमचं, रिस्क आमची, शेल्फ त्यांचं. एका मेसवाल्या काकूंनी मात्र दोन किलोचे रोख पैसे काढून दिले आणि म्हणाल्या तिखट जरा कमी करून पुढच्या वेळी आणा. त्या एका वाक्यातनं आम्हाला जे कळलं ते दुकानदारांच्या "चांगली आहे" मधनं कळलं नव्हतं. मेस आणि छोटी हॉटेलं हे गिऱ्हाईक आमच्या यादीत आधी नव्हतंच.

याच विषयावर फाउंड्रीवाल्यांनी गंगाराम कांबळेंची गोष्ट सांगितली. कोल्हापूरकरांना ती माहिती असतेच, अस्पृश्य म्हणून त्यांच्या हॉटेलात चहा प्यायला कोणी येईना तेव्हा शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. ही गोष्ट आपण समतेची म्हणून ऐकतो आणि ती आहेच. पण त्यांनी हेही दाखवलं की महाराजांनी मदत केली ती गिऱ्हाईक होऊन, नुसतं "छान आहे, चालू दे" म्हणून नाही. नवा धंदा करणाऱ्याला मदत करायची असेल तर त्याचा माल रोखीनं घ्या. मला हे मनापासून पटलं.

उधारीचा तास सगळ्यात जास्त रंगला कारण निम्मा वर्ग एमआयडीसीतला. जॉबवर्कवाल्यांना पेमेंट ९० दिवस, १२० दिवस, कधी त्याच्याही पुढं, हे आम्ही रोज बघतो. सीए मॅडमनी २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा) कायदा नीट समजावला. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडनं किंवा सेवा देणाऱ्याकडनं माल किंवा काम घेतलं तर लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. आणि १ एप्रिल २०२४ पासून इन्कमटॅक्समध्येही आलंय की मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हे संरक्षण लागू नाही, हे बऱ्याच जणांना माहिती नव्हतं.

मग त्या व्हीएमसीवाल्यानं विचारलं, मॅडम, तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोण देणार? मॅडमनी गोल उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, बरोबर आहे, म्हणूनच बहुतेक जण तक्रार करत नाहीत, आणि म्हणूनच सगळं काम एका पार्टीवर ठेवायचं नाही. कायदा हाताशी असावा पण धंदा त्याच्या भरवशावर मांडू नये. फाउंड्रीवाल्यांचा पहिला धंदा याच्यातच गेला होता, एकच मोठं गिऱ्हाईक, त्याच्या ऑर्डरी अर्ध्यावर आल्या आणि यांचे कामगार, भाडं, हप्ते तसेच. ते सांगत होते तेव्हा वर्गात कुणी मोबाईल बघत नव्हतं. चेक बाउन्सचं पण सांगितलं, बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांच्या आत नोटीस गेली पाहिजे, मग समोरच्याला १५ दिवस, ही मुदत चुकली की केस लंगडी पडते. आपण "देतो देतो" ऐकत त्यातच महिना घालवतो.

जीएसटीचा भाग मला कंटाळवाणा जाईल वाटलेलं पण त्यात एक आपल्या भागाची गोष्ट निघाली. माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, सेवेला २० लाख, हे ऐकून माहिती असतं. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आणि आपल्याला निपाणी म्हणजे घरचंच वाटतं, कागल ओलांडलं की आलं, पाहुणे तिथं, बाजार तिथं, पण जीएसटीत ते परराज्य. कागलच्या पोराचं अर्धं गिऱ्हाईक निपाणी-चिकोडीकडचं होतं, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आणि कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीची सोपी, ठरावीक दराची जीएसटी योजना) गेला तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही. म्हणजे कोणती नोंदणी घ्यायची हे तुमचं गिऱ्हाईक कुठं आहे यावर ठरतं आणि ते आधी ठरवायला लागतं.

बाकी लायसन्सचं पटापट झालं. अन्न परवान्याला छोट्या उलाढालीपर्यंत साधी नोंदणी पुरते, असं आम्हाला शिकवलं. उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाईन आणि पूर्ण फुकट, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर दुकान कायद्याखाली नुसती सूचना द्यायची. पाऊचवर वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, पत्ता, ग्राहक तक्रारीचा नंबर, अन्न परवान्याचा नंबर. या सगळ्याच्या झेरॉक्स दिल्या, त्या मात्र मस्त, मराठीत.

कर्ज आणि सबसिडीचा रविवार. इथं हॉल भरला, बाहेरचे दोघं-तिघं पण येऊन बसले, सबसिडी शब्दाला आपल्याकडं तेवढी ओढ आहेच. साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं की सबसिडी बघून धंदा ठरवणारा माणूस त्यांना बँकेत सगळ्यात जास्त भीतीदायक वाटायचा. मग पीएमईजीपी, म्हणजे नव्या उद्योगाला कर्जावर सबसिडी देणारी केंद्राची योजना, समजावली. उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट, सेवेला २० लाख, सबसिडी सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीणला २५ टक्के, महिला आणि इतर विशेष गटांना शहरात २५, ग्रामीणला ३५, आणि स्वतःचे घालायचे १० टक्के, विशेष गटाला ५. म्हणजे वहिनींच्या नावानं महापालिका हद्दीबाहेर गावात युनिट टाकलं तर आकडा बराच बदलतो. पण पुढचं ऐका. ती सबसिडी हातात येत नाही, तुमच्या नावानं बँकेत तीन वर्षं बाजूला ठेवली जाते आणि युनिट खरंच चालू आहे हे बघून मगच कर्जात जमा होते. मधे बंद पडलात तर गेली. आणि योजना नव्या युनिटलाच आहे, आधीच चालू असलेल्याला नाही, घरटी एकच. म्हणजे "आधी सुरू तर करू, मग अर्ज टाकू" हे इथं चालत नाही. मुद्रा या छोट्या धंद्यांच्या सरकारी कर्ज योजनेचं पण झालं, शिशु ५० हजार, किशोर ५ लाख, तरुण १० लाख, आणि तरुणचं आधीचं कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत.

आणि एक प्रामाणिकपणा : पीएमईजीपीला जे उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचं आहे त्यासाठी या क्लासचं सर्टिफिकेट चालत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. बाकीचे क्लासवाले हे लपवतात असं नाही म्हणत, पण तुम्ही पैसे भरायच्या आधी विचाराच.

पार्टनरशिपच्या तासाला त्या कॅफेवाल्या दोन मित्रांना पुढं बोलावलं. दोघं शाळेपासूनचे. दोघांना वेगवेगळ्या कागदावर लिहायला सांगितलं, कोण किती पैसे घालणार, सकाळी शटर कोण उघडणार, पगार कोण घेणार, एकाला दोन वर्षांनी सोडायचं झालं तर काय. दोघांचे कागद जुळले नाहीत. पैशाचा आकडा सोडला तर काहीच जुळलं नाही. ते दोघं त्या दिवशी जिन्यात बराच वेळ बोलत उभे होते आणि पुढच्या रविवारी करारनाम्याचा कच्चा मसुदा घेऊन आले. मॅडमनी सांगितलं की १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली फर्मची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर करारावरनं फर्मला बाहेरच्या पार्टीवर वसुलीचा दावा लावता येत नाही. मैत्री आहे म्हणून लिहायचं नाही असं आपल्याकडं म्हणतात. मला तर वाटतं मैत्री आहे म्हणूनच लिहावं, भावाभावात पण लिहावं. आम्ही पण घरात बसून लिहिलं, दादा, वहिनी आणि मी. दादाला आधी राग आला, मग त्यानंच दोन कलमं वाढवली.

अजून एक गोष्ट जी मी दुसरीकडं कुठं ऐकली नव्हती. गाळा बघायला जाल तेव्हा भाड्याच्या आधी विचारायचं, २०१९ ला इथं पाणी कुठवर आलं होतं आणि २०२१ ला कुठवर. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, किती दुकानांचा माल गेला ते आपण डोळ्यानं बघितलंय. आणि २०१९ ला शिरोलीजवळ हायवे बंद पडला तेव्हा ज्यांच्या दुकानात पाणी नव्हतं त्यांचा पण माल आत-बाहेर होत नव्हता. विमा घेताना नुसत्या मशीनचा नाही, मालाचा पण घ्यायचा, पुराचं कलम आहे का वाचायचं, आणि माल जिथं ठेवलाय तो पत्ता पॉलिसीवर पाहिजे. मिरचीत ६ लाख घालून तळमजल्यावर ठेवणार असाल तर हा प्रश्न मशीनच्या आधी येतो. त्या दिवसापासून आमचे दोन गाळे यादीतनं गेले.

आता जे आवडलं नाही ते. पाचव्या रविवारचा अर्धा दिवस एका मोटिव्हेशनल वक्त्याला दिलेला. माणूस बोलतो चांगला, टाळ्या पण पडल्या, पण "मोठं स्वप्न बघा, जगाची पर्वा करू नका" हे ऐकून त्या बुटीकवाल्या ताई दुपारी म्हणायला लागल्या की मग नोकरी उद्याच सोडते. आदल्या चार रविवारी जे कष्टानं शिकवलं त्याच्या बरोबर उलटं. हे बंद केलं पाहिजे, आणि मी फीडबॅकच्या कागदावर तसं स्पष्ट लिहून दिलंय. त्या वेळात गुणवत्ता, माल टिकणं, लॅब टेस्टिंग हे घेतलं असतं तर खाण्याच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांचं भलं झालं असतं. चटणीत ओलावा किती चालतो, बुरशी कशानं येते, "६ महिने टिकते" असं पाऊचवर कशाच्या आधारावर छापायचं, यावर एक शब्द नव्हता.

सोशल मीडियाचा तास पण वरवरचा. पेज कसं उघडायचं हे आता कुणाला शिकवायला लागत नाही. एक गिऱ्हाईक आणायला जाहिरातीचा किती खर्च पडतो आणि ते परत येतं का, हे शिकवायला पाहिजे होतं. त्या तासाच्या स्लाईड सगळ्या इंग्रजीत, वहिनींसारख्या चार-पाच बायका होत्या त्या नुसत्या बघत बसल्या. आणि शेवटच्या रविवारी २५००० ची "पर्सनल मेंटॉरशिप" विकायला घेतली, आजच भरलं तर सवलत वगैरे. ज्या वर्गात शिकवलं की आज घाईनं खर्च करू नका त्याच वर्गात हे बरं दिसत नाही. मी घेतली नाही, साहेबांना नंतर फोनवर दोन गोष्टी विचारल्या तर त्यांनी पैसे न घेता सांगितल्या, ते त्यांचं मोठेपण.

कोर्स संपल्यावर पाठपुरावा असा काही नाही. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर गुड मॉर्निंगच जास्त. पार्किंग रविवारी पण त्रासाचं, दुचाकीनं जा.

फुकटात काय मिळतं हे पण बघा. ग्रामीण भागातल्या तरुण-तरुणींना आरसेटीची (बँकांनी चालवलेल्या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेची) ट्रेनिंग मोफत असतात, तिथं प्रत्यक्ष हाताचं काम जास्त शिकवतात, गोठा, शिवण, खाद्यपदार्थ असं. एमसीईडी म्हणजे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे कार्यक्रम असतात, आणि जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन योजनांची चौकशी कुणालाही करता येते, त्याला मध्ये एजंट लागत नाही. ज्याला कौशल्यच शिकायचंय त्यानं तिकडं जावं. ज्याच्याकडं कौशल्य आहे, गिऱ्हाईक पण थोडं आहे, पण पैशाचा हिशेब येत नाही, त्याच्यासाठी हा राजारामपुरीचा कोर्स. दुकान आधीच चालू असून अडचणीत आहे अशांना याच्यात फार काही नाही, त्यांनी सरळ चांगला सीए गाठावा.

आमचं सध्या असं चाललंय की मशीन घेतलेलं नाही, गाळा घेतलेला नाही, कांडप बाहेरच्या डंखावरच करून घेतो. वहिनींनी घरातनंच अन्न परवान्याची नोंदणी काढलीय. दुकानदारांचा नाद सोडून मेस आणि हॉटेलवाले धरलेत, त्यांना पाऊच-लेबल नको असतं, कमी तिखट आणि जास्त तिखट अशा दोनच चटण्या, पैसे रोख किंवा आठवड्याच्या आत. भाव दुकानातल्या ६०० पेक्षा कमी मिळतो पण मधले १२० वाचतात. मी नोकरी सोडलेली नाही आणि वहिनींना महिन्याला ठरलेला पगार धंद्याच्या खात्यातनं जातो, मग नफा असो वा नसो. पीएमईजीपीचा अर्ज टाकायचा तर युनिट नवं लागतं, त्यामुळं या घरच्या कामाचा त्यावर काय परिणाम होतो हे अर्जाच्या आधी उद्योग केंद्रातच विचारणार आहोत.

जाणाऱ्यांनी घरच्या खर्चाचा खरा आकडा आणि मागच्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट सोबत न्यावं, पहिल्याच तासाला लागतं. नवरा-बायको किंवा पार्टनर असाल तर दोघांनी मिळून बसा, दुसऱ्या माणसाला निम्मी फी आहे, पण ती विचारल्याशिवाय सांगत नाहीत.